अडकल्याची खूण

सिदू खांडेकरला तक्रार करता येत नव्हती. जन्मात कधी केलीच नाही, तर येणार कुठून? चादरीच्या कारखान्याच्या फाटकावर त्यानं निम्मं आयुष्य राखणदारी केली, पण चौकीवरचा पत्रा गळतो, तेवढा बदला, एवढंसुद्धा मालकाला कधी म्हणाला नाही. हॉटेलात चहात माशी निघाली तर बोटानं बाजूला काढायचा, उरलेला चहा पिऊन टाकायचा आणि उठताना वर "बरा हुता" म्हणायचा. अशा माणसावर म्हातारपणी इंटरनेटच्या कंपनीशी भांडायची पाळी आली. देवाला कधीकधी चेष्टेची हुक्की येते आणि ती तो गरिबाघरी येऊनच भागवतो.

माणूस मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोलापुरात आला तो पोटासाठी नव्हे, पोरीसाठी. पूनम ही त्याची एकुलती एक लेक. चालायला लागली तरी हाकेला वळेना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं की हिला ऐकू येत नाही आणि येणारही नाही. सोलापुरात अशा मुलांची शाळा आहे असं कळल्यावर सिदूनं आपल्या वाट्याची मेंढरं भावाच्या हवाली केली आणि बायको गोजाबाईला नि पोरीला घेऊन शुक्रवार पेठेत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिला. भाऊ म्हणाला, एका पोरीपायी माळ सोडतोस? सिदूनं आपली काठी त्याच्या हातात दिली आणि निघाला.

शाळेत पूनम शाळेची भाषा शिकली, पण घरातली भाषा निराळीच राहिली. माळावर एक मेंढका ह्या टेकाडावर आणि दुसरा पलीकडच्या टेकाडावर असला की हाक पोचत नाही, वाऱ्यावर उडून जाते. मग हातांनी बोलायचं. कळप वळव. पाण्याकडं ने. लांडगा दिसला. कोकरू मागं राहिलं. सिदूला हे सगळं बापाकडून आलेलं होतं आणि पूनमशी तो तेच बोलायला लागला. पण त्या चार खुणांची भाषा केली ती गोजाबाईनं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हात असे चालायचे की पोरगी शाळेतून आल्याआल्या आईपुढं बसायची आणि दिवेलागणीपर्यंत दोघींचं संपायचं नाही. शेजारणींना वाटायचं ह्या भांडतायत. अधूनमधून भांडतही असत.

घरातल्या माणसांच्या खुणा गोजाबाईनंच ठेवलेल्या. सिदूची खूण खांद्यावर हात टाकायचा, घोंगडं टाकल्यासारखा. तिची स्वतःची खूण कपाळाला अंगठा, कुंकवाच्या जागी. पूनम तान्ही असताना आईच्या बांगड्या धरून झोपायची, म्हणून तिची खूण मनगटाभोवती दोन बोटं फिरवायची. जावई बघायला आला, त्यालाही ऐकू येत नव्हतं. लाजून लाजून तो सारखा हनुवटी खाजवत होता, म्हणून त्याची खूण हनुवटी. सोयरीक पक्की व्हायच्या आधी खूण पक्की झाली. माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि तो काय करतो ते ध्यानात आल्याशिवाय गोजाबाई खूण ठेवत नसे. आणि बारशाला आत्या कशी बाळाच्या कानात आधी सांगते आणि मग चारचौघांत, तसाच तिचा नेम होता. ज्याची खूण त्याला पहिल्यांदा दाखवायची, तोवर दुसऱ्या कुणाला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

जावयाचं नाव मल्हार. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला. पूनम तिकडं गेल्यावर घरात एकदम शांतता झाली, म्हणजे आवाज आधीही नव्हता, पण हात थांबले. गोजाबाई बोलता बोलता सिदूशीही खुणा करायला लागली. शेवटी दिवाळीला मल्हारनं पुढाकार घेतला, सासऱ्याला मोठ्या काचेचा फोन आणून दिला आणि भिंतीवर इंटरनेटचा, दिव्यांचा डबा बसवून घेतला. त्या गल्लीत मोबाइलची रेंज आधीच लंगडी, त्यात तळमजल्याची जाड दगडी भिंत. बोलणं कसंबसं ऐकू येई, चित्र येत नसे. गच्चीवर गेलं तर यायचं. डब्यानं ते दुखणं गेलं. डब्यावरचा दिवा हिरवा असला की संध्याकाळी पूनम समोर हजर. गोजाबाई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि दोन्ही हात मोकळे करून बसायची. काय खाल्लं इथपासून सासूनं काय केलं इथपर्यंत सगळं निघायचं. सिदू बाजूला बसून नुसता बघायचा. त्या काही महिन्यांत त्याच्याइतका सुखी माणूस पेठेत नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

मग गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं. त्यात कुठंतरी कंपनीची वायर दुखावली. दिवा मधेच लाल व्हायचा, मधेच हिरवा. पूनम बोलता बोलता थिजायची, हात वर तसाच. गोजाबाईनं त्याचीही खूण केली. दोन्ही मुठी छातीपुढं घट्ट धरून ठेवायच्या, की झालं, अडकलं. मुठी दाखवल्या की फोन बंद करायचा आणि परत लावायचा. कंपनीसाठीही खूण निघाली, दोन्ही तळहातांनी दोन्ही कान झाकायचे. ऐकू न येणाऱ्या लेकीला ही खूण इतकी आवडली की ती पोट धरून हसली. तोवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

त्याच सुमारास गोजाबाई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी खिळे घातले आणि खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. पूनमला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरच खाटेवर पडलेलं. तिचं कुर्डुवाडीलाच झालं. पोट फाडावं लागलं, टाके पिकले, मुलगी झाली. कुर्डुवाडी काही लांब नाही, रेल्वेत बसलं की चहा निवायच्या आत आल्यासारखी वाटते. पण एकीला खाट सोडायची बंदी आणि दुसरीला प्रवासाची.

मल्हारचा फोन आला तेव्हा दिवा हिरवा होता. पूनमचं पांढरं पडलेलं तोंड दिसलं. तिनं दुपट्यातलं बाळ वर उचललं, मनगटाशी बोटं नेली, मग कपाळाला अंगठा लावला आणि रिकामा हात पुढं पसरला. म्हणजे, माझी खूण तू ठेवलीस, आता हिची ठेव. गोजाबाईनं मान पुढं काढली. बाळाचं अर्धं तोंड दिसलं आणि उरलेल्या अर्ध्याचे चौकोन झाले. दिवा लाल झाला, तो लालच राहिला.

वरच्या मजल्यावर धनलक्ष्मी राहायची, विणकराच्या घरातली, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलणारी. फोनच्या बाबतीत सिदूचा सगळा भार तिच्यावर. तिनं कंपनीचा नंबर लावून दिला आणि सांगितलं, "मामा, जोरात बोला. गोड बोलू नका." सिदूनं मान हलवली. आधी गाणं वाजलं. मग एक दाबा, दोन दाबा झालं. मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि सिदू प्रत्येक वेळी तिला "व्हय बाई" म्हणत राहिला. खूप वेळानं जिवंत माणूस लागलं.

"नमस्कार सर, मी अंकिता बोलते. काय अडचण आहे?"

"नमस्कार. जेवलासा का?"

"सर, अडचण सांगा."

सिदूनं सांगितलं. दिवा लाल हाय, चित्र येत न्हाय. डबा बंद करून चालू करा म्हणाली, केला. वायर काढून घाला म्हणाली, घातली.

"सर, साधा फोन लागतोय ना? तोवर त्यावर बोलून घ्या."

"ती बोलत न्हाय. माजी पोरगी. तिला ऐकू येत न्हाय, ती हातानं बोलती. आन तिची आई वाचत न्हाय. चित्र आलं तरच त्येंचं बोलणं व्हतंय, बाई."

अंकिता मुलगी वाईट नव्हती. तिच्यापुढच्या यादीत अशा गोष्टीसाठी जागा नव्हती, एवढंच. "ओके सर. तक्रार नोंदवते. अर्जंट आहे का?"

आणि इथं सिदूची जन्माची सवय आडवी आली. "न्हाय न्हाय, तुमच्या सवडीनं. गडबड न्हाय."

जिन्यात उभ्या असलेल्या धनलक्ष्मीनं कपाळावर हात मारून घेतला. सवडीनं म्हटल्यावर कुठली कंपनी धावत येईल? कुणी आलं नाही. रोज सकाळी सिदू दाढी करून, सदरा घालून, दाराशी खुर्ची टाकून बसायचा. पाहुणा यायचा असला की बसतात तसा.

मधल्या दिवसांत पूनमनं बाळाचे व्हिडिओ पाठवले. सिदू गच्चीवर जाऊन ते उतरवून घ्यायचा आणि गुडघे धरत खाली यायचा. पहिला व्हिडिओ लावला तेव्हा गोजाबाईचं तोंड फुललं. तिनं लगेच हात उचलले. जेवलीस का? टाके दुखतात का? दूध येतंय का? काचेतली पूनम बाळाला झुलवत राहिली, हसली आणि संपली. सिदूनं परत लावलं. गोजाबाईनं परत विचारलं. पूनम परत तशीच हसली आणि तशीच संपली.

"अवं, ही उत्तर का देत न्हाय?"

"ही आदीच काडलेलं हाय, गोजे. फोटूवानी."

"मग हिला मी दिसत न्हाय?"

"न्हाय."

गोजाबाईनं फोन उलटा करून पांघरुणावर ठेवला. "मला असलं दावू नगासा," ती म्हणाली. "जित्या पोरीला फोटूत बगायचं व्हय?" पण दुपारी सिदूचा डोळा लागलेला पाहून तिनं तो फोन हळूच उचलला आणि काचेतल्या लेकीला पुन्हा तेच विचारलं. सिदू जागा होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.

धनलक्ष्मी म्हणाली, "मामी, मी व्हिडिओ चालू करून मामासंगं बाहेर थांबते, तुमी खूण करा, मग न बघता पाठवते." पण गोजाबाई ऐकायला तयार नव्हती. तिला खूण सुचली होती. बाळ काय करतं ते तिनं अर्ध्या तोंडात आणि त्या व्हिडिओत बघितलं होतं. "मनात ठरलिया," ती म्हणाली. "पर पोरीच्या मांडीवर बाळ आसल, ती मला बगत आसल, तवाच दावीन. बारसं काय टपालानं करत्यात?" हट्टी होती, आणि ह्या बाबतीत तिला कुणी समजवावं असं सिदूला वाटलंही नाही. नेट काय आज ना उद्या येणारच.

आणि एका सकाळी खरंच माणूस आला. शरणबसव त्याचं नाव, पन्नाशीकडं झुकलेला, अक्कलकोटकडचा, खांद्यावर वायरीचं वेटोळं आणि शिडी. सिदूचा जीव भांड्यात पडला. त्यानं आधी चहा टाकला. शरणबसवनं डबा बघितला, बाहेर खांबावर चढून बघितलं आणि खाली येऊन हात पुसले.

"मामा, वायर खांबापाशी तुटलीय. काचेची तार असती आत, ती जोडायला मशिन लागतंय. मशिन दुसऱ्या गाडीत हाय, होटगी रोडला. उद्या सकाळी घेऊन येतो, पहिलं काम तुमचं."

"या की. सवडीनं या."

चहा संपला तरी शरणबसव उठेना. कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मामा, एक काम होतं. तुमच्या फोनवर ओटीपी आला आसल. आकडे. तेवढे सांगता का?"

"ते कशाला?"

"काम झालं म्हणून लावायला लागतंय. झालं न्हाई ते मला बी माहिताय. पण आज माझ्या नावावरच्या तक्रारी बंद झाल्या न्हाईत तर वरून पगार कापतात. घरात तीन पोरी हायत, मामा. उद्या येतो म्हटलं की येतो. सिद्धरामाची शपथ."

खाटेवरून गोजाबाई बघत होती. तिनं सिदूकडं बघून तळहात आडवा हलवला. माळावरची खूण, कळप अजून सोडू नको. सिदूनं ती बघितली. पण दारी आलेला माणूस, चहा प्यालेला, पोरींचा बाप, देवाची शपथ घातलेली. अशा माणसाला आकड्यांसाठी रिकाम्या हातानं पाठवायचं, हे खांडेकरांच्या घरात कुणी केलं नव्हतं. माळावर शब्दाला शब्द चालायचा. एक म्हणायचा, तुझी मेंढरं राखतो, आणि दुसरा खुशाल बाजाराला जायचा. सिदूनं चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. चुकू नये म्हणून दोनदा वाचला. शरणबसव पाया पडायचाच तेवढा बाकी राहिला. तो गेल्यावर सिदूचा फोन वाजला. धनलक्ष्मीनं वाचून दाखवलं. आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, आमच्या सेवेबद्दल आपले मत कळवा.

उद्या शरणबसव आला नाही. परवाही नाही. त्यानं दिलेला नंबर वाजत राहायचा. पुढं समजलं की त्याला बार्शीकडच्या कामाला पाठवलं होतं. शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता, हे सिदू शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि कदाचित ते खरंही असेल. पण खऱ्याखोट्यानं तार जोडली जात नाही. फोन लावला की तिकडून एकच उत्तर यायचं. तुमची तक्रार सुटली आहे सर, ओटीपी तुम्हीच दिलाय, नवीन तक्रार करा, तिचा नंबर मागून लागेल.

शेवटी सिदू कंपनीच्या ऑफिसात गेला. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र, सगळे एका फोनमध्ये बघतायत. टेबलामागं अभिमन्यू नावाचा साहेब होता, वयानं जावयाएवढा. त्यानं नंबर घातला आणि पडदा सिदूकडं वळवला.

"हे बघा काका. सिस्टीममध्ये हिरवं दाखवतंय. तुमची लाइन चालू आहे."

"घरात लाल हाय, साहेब."

"इथं हिरवं आहे ना पण."

"घरात लाल हाय."

धनलक्ष्मीनं निघताना सांगितलं होतं, आरडाओरडा करा, टेबलावर हात आपटा. सिदूनं हात उचलला खरा. टेबलावर त्या साहेबाचा डबा उघडा होता, भाकरी नि शेंगाची चटणी, घास अर्धा राहिलेला. सिदूनं हात परत मांडीवर ठेवला. मग घसा खाकरून सांगायला लागला. लेक, आई, बाळ, खूण. अंगठा कपाळाला लावून दाखवला, मनगटावर बोटं फिरवून दाखवली. मागं रांगेत उभी असलेली माणसं बघायला लागली. कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही, उलट त्याला वाईटच वाटलं असावं. "काका, मी समजू शकतो," तो म्हणाला, "पण बंद झालेली तक्रार मला उघडता येत नाही. नवीन टाकतो. माणसं कमी आहेत." सिदू "बरं" म्हणाला, आणि वर "जेवा तुमी, घास राहिलाय" असंही म्हणाला. रस्त्यावर आल्यावर मात्र उन्हात उभा राहून त्यानं स्वतःला एक शिवी हासडली. कंपनीला द्यायची शिवी अशी घरच्या घरीच संपली.

घरी आला तेव्हा गोजाबाईनं खुणेनंच विचारलं, झालं? त्यानं दोन्ही कान झाकले. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जरा वेळानं म्हणाली, "लेकीला वाटत आसल, आईला नातीचं कवतिक न्हाय." सिदू म्हणाला, तसं न्हाय. ती म्हणाली, "तिला मी कदी येवडा येळ थांबीवलं न्हाय वं."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गोजाबाई चहाचा कप उचलत होती आणि कप हातातून सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सरकारी दवाखान्यात सगळी धावपळ झाली, बाटल्या लावल्या, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डावा हात होता, पण तो कशासाठी असतो हेच ती विसरल्यासारखी झाली. तो छातीवर ठेवला तर तिथंच राहायचा. डोळे मात्र उघडे. ते माणसामागं फिरायचे.

सिदूनं कुर्डुवाडीला कळवलं नाही. ओली बाळंतीण, अंगात ताप, तिला असलं सांगायचं नसतं. धनलक्ष्मीकडून त्यानं एवढंच लिहून पाठवलं की आई बरी आहे, नेट नाही. गच्चीवर जायचंही त्यानं सोडलं. लेक समोर दिसली असती तर तोंड लपवता आलं असतं, हात लपवता आले नसते.

हे सगळं बघून धनलक्ष्मीला एक गोष्ट सुचली. तिनं स्वतःच्या नावावर त्याच कंपनीचं नवं कनेक्शन मागितलं. नव्या गिऱ्हाइकाकडं दुपारच्या आत माणसं हजर, दोन शिड्या, मशिनसकट. तार तीच आणि खांबही तोच होता. वरचं जोडताना खालचंही जोडलं गेलं. "हे मला आधी सुचलं पाहिजे होतं, मामा," ती जिन्यात उभी राहून म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून वर गेली.

भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. सिदू त्याच्याकडं नुसता बघत राहिला. आणि फोन वाजला. पूनम रोज लावून बघत असे, आज लागला.

सिदूनं फोन हातात घेतला आणि गोजाबाईच्या तोंडासमोर धरला. काय ते चित्र! एवढं साफ कधी आलं नव्हतं. पूनमच्या कपाळावरचा घाम दिसत होता, मांडीवरच्या बाळाची नखं दिसत होती. बाळानं जांभई दिली आणि मूठ डोळ्यावर चोळली. पूनमनं कपाळाला अंगठा लावला. आई. मग बाळाला वर उचललं, तोंड पुढं आणलं, हात पसरला. खूण?

गोजाबाई बघत होती. ते सिदूला पक्कं कळलं, कारण तिचे डोळे बाळाच्या मुठीबरोबर हलले. हात पांघरुणावर पडलेले होते. पूनम थांबली. बाळाला आणखी जवळ आणलं. थांबली. मग तिच्या तोंडावर नेहमीचा वैताग आला. तिनं बाळ मांडीवर ठेवलं, दोन्ही मुठी छातीपुढं घट्ट धरल्या आणि फोन बंद केला.

अडकलं.

फोन परत वाजला. पुन्हा तेच साफ चित्र, पुन्हा तिचा पसरलेला हात, पुन्हा पांघरुणावरचे ते हात. पूनमनं मुठी धरल्या. मग दोन्ही तळहातांनी कान झाकले, कंपनी, आणि मान मागं टाकून हसली. आईपण हसत असेल असं तिला वाटलं असणार. फोन बंद झाला आणि तिसऱ्यांदा वाजला.

जन्मभर सिदूनं कुणाला काही उघड सांगितलं नव्हतं. आता सांगणारा तोच उरला होता. त्यानं फोन तांब्याला टेकवला, गोजाबाई जशी ठेवायची तसा, आणि खाटेच्या कडेला येऊन बसला. पूनमनं त्याला बघितलं आणि खांद्यावर हात टाकला. बाबा. सिदूनं दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या आणि त्या सावकाश उघडल्या. अडकलं नाही. नेट चांगलं आहे.

पूनम त्याच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या मागं, खाटेकडं गेली. तिनं अंगठा कपाळाला लावला आणि हात पसरला. मग आई का हलत नाही?

सिदूनं अंगठा कपाळाला लावला. आई. त्याच्यापुढची खूण करायला त्याचा हात तिथून निघेना. तो तसाच बसला, अंगठा कपाळाला लावून, डोळे काचेवर ठेवून, आणि मागं गोजाबाई त्याच्यासारखीच बघत पडून राहिली.

पूनमनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या.